यंत्रं पुरे, शिकवणारा माणूस द्या

लातुरात पहाटे साडेपाचला रिंग रोडवर जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रांगेने पळत असतात. कडेला शिट्टी आणि घड्याळ घेतलेले सर उभे असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. कोणाची टाच आधी पडतेय, कोण सुरुवातीलाच दम घालवतंय, हे सर लांबूनच ओळखतात आणि तिथल्या तिथं सांगतात. एखादी पोरगी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या घरी फोन जातो. परभणी, बीड, नांदेड, जालना, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे हेच दिसेल. वर्दी मिळवायची तर शरीर कसं तयार करायचं, हे मराठवाड्याला नीट ठाऊक आहे.

वर्दीचं वय ज्यांचं उलटून गेलं, त्यांच्यासाठी मात्र शिट्टी घेऊन कोणी उभं राहत नाही.

मी ६१ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझं म्हणणं सरळ आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ‘व्यायाम करत जा’ एवढं सांगून काही होत नाही. त्याला गट लागतो, ठरलेली वेळ लागते आणि समोर बघणारा जाणकार माणूस लागतो. ही सोय ज्याची त्याने आपल्या खिशातून बघावी असं मी मानत नाही. गाव शाळा चालवतं, नळयोजना चालवतं, तसा व्यायामाचा वर्गही चालवायला हवा.

नोकरी लागली तेव्हा औसा तालुक्यातल्या एका गावाला जायचे. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून शाळा दोन किलोमीटर. जाताना दोन, येताना दोन, हातात वह्यांचा गठ्ठा. त्या वयात व्यायाम हा शब्दही डोक्यात आला नाही, कारण तो रोजच होत होता. नोकरीची शेवटची दहा वर्षं स्कूटी आली. गंजगोलाईतून भाजी आणायची तरी स्कूटी. निवृत्त झाले आणि वर्षभरात रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली शेवटची ओळ लिहिली, ‘रोज चालणे’. कसं, किती, गुडघा दुखत असेल तर काय, हे विचारायला मागे रांग फार होती.

मी चालायला लागले आणि अकराव्या दिवशी बंद पडले. त्या दिवशी नळाला पाणी आलं, दुसऱ्या दिवशी पाहुणे, तिसऱ्या दिवशी कोणी विचारलंच नाही की का आला नाहीत. नंतर मोबाइलवर बघून बैठका मारल्या. व्हिडिओतली मुलगी पंचविशीची होती. चौथ्या दिवशी उजवा गुडघा सुजला आणि पंधरा दिवस जिना चढता आला नाही.

मग आमच्या वसाहतीच्या बागेत खुली व्यायामशाळा आली. नारळ फुटला, पहिला महिना संध्याकाळी गर्दी उसळायची. पिवळी-निळी यंत्रं, प्रत्येकावर एक चित्र. पण हे यंत्र कशासाठी आहे, कोणी वापरू नये, किती वेळा करायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. पाय लोंबकळत झुलवायच्या यंत्रावर माझ्या कमरेत लचक भरली. शेजारच्या आजोबांना कंबर फिरवायच्या चकतीवर चक्कर आली. आज तिथल्या दोन यंत्रांचे बेअरिंग गंजलेत, एकाचं पायडल निखळलंय आणि बाकीच्यांवर पोरं लोंबकळतात. यंत्रांचा यात काही दोष नाही. वर्गात फळा लावला आणि मास्तर नेमलाच नाही, तर पोरं त्या फळ्यावर रेघोट्याच ओढणार.

शेवटी एका ओळखीच्या बाईंनी मला एका वर्गाला नेलं. एक फिजिओथेरपिस्ट ताई तो चालवतात. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते आठ, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. लग्नसराईत मांडववाले यायच्या आत आम्ही आटपतो. महिना चारशे रुपये. आम्ही सतरा जणी आहोत, सगळ्यात लहान बेचाळीसची आणि सगळ्यात मोठ्या मावशी एकाहत्तरच्या. पहिल्या दिवशी निम्म्या जणी साडी आणि चपलेवर आल्या होत्या. ताईंनी कोणाला हसू दिलं नाही. साडी चालेल, म्हणाल्या, पण उद्यापासून पायात बूट हवा.

व्यायाम सुरू करायच्या आधी त्यांनी प्रत्येकीचा रक्तदाब घेतला, कोणत्या गोळ्या सुरू आहेत ते वहीत लिहिलं आणि मग भिंतीला टेकवून एक साधी खुर्ची ठेवली. हात छातीवर घट्ट धरायचे आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तितक्या वेळा करायचं. हाताचा आधार घेतला की ते मोजायचं नाही. मी नऊ वेळा उठले. दहाव्या वेळी मांड्या थरथरल्या आणि अंग वर आलंच नाही. ताईंनी तक्ता दाखवला. ६० ते ६४ वयाच्या बाईने या परीक्षेत १२ पेक्षा कमी वेळा केलं तर ते सरासरीच्या खाली धरतात आणि पडण्याचा धोका जास्त समजतात. चौथीच्या पोरांबरोबर लंगडी खेळलेली मी त्या आकड्याकडे बघत बसले. वजनकाट्यावर मला यातलं काही दिसलं नव्हतं. वजन तर ठीकच होतं, पायातली ताकद गेली होती. चार महिन्यांनी त्याच खुर्चीवरून मी चौदा वेळा उठले.

हे चार महिने मी टिकले ते माझ्या जिद्दीवर टिकले, असं मी म्हणणार नाही. ताई दाराशी वही घेऊन बसतात आणि आल्या आल्या नाव लिहितात. हजेरीचं मोल मला सांगायला नको. तेहतीस वर्षं मी रोज सकाळी नावं पुकारली आहेत. ज्या पोराचं नाव रोज पुकारलं जातं ते शाळेत येत राहतं, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं ते हळूहळू गळतं. मोठ्या माणसांचंही हेच असतं, आपण ते मान्य करत नाही इतकंच. अभ्यासात आपण हे कधीच मान्य केलंय. घरी पुस्तकं असतात, मोबाइलवर सगळं फुकट असतं, तरी नांदेड-हिंगोलीकडचे पालक पोराला खोली घेऊन लातूरला ठेवतात, कारण एकट्याने होत नाही, वर्ग लागतो, वेळापत्रक लागतं, मागे लागणारं कोणीतरी लागतं. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते नियमितपणाने आणि सराव परीक्षांनी.

आणि वारी? पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा साठी-सत्तरीतली माणसं तिच्याबरोबर चालतात. एरवी घरातून देवळापर्यंत जाताना ज्या आजी रिक्षा करतात, त्या दिंडीत कोसच्या कोस चालतात. पुढे पताका, चाल सगळ्यांना झेपेल अशी, विसावा कुठे आणि मुक्काम कुठे ते ठरलेलं, मागे पडलेल्याला बघणारी माणसं. भक्ती तर आहेच. पण त्या भक्तीला चालतं ठेवणारी एक व्यवस्थाही आहे, आणि ती शेकडो वर्षांच्या अनुभवातून आली आहे.

आता थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. पासष्टीपुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचेही करावेत. मध्यम दम ओळखायची खूण आमच्या ताईंनी छान सांगितली. बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग म्हणता येत असेल तर वेग वाढवा. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभरच्या देशांची मोजणी आली. त्यानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. सन २००० मध्ये ते सगळे मिळून २२ टक्क्यांच्या आसपास होतं. बावीस वर्षांत दुपटीहून जास्त. एवढ्या माणसांना एकाच वेळी आळस चढला, असं मला वाटत नाही. माणसांची रोजची चाल काढून घेतली गेली आणि तिच्या जागी काही दिलं गेलं नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले आणि जवळजवळ साडेतेरा कोटी माणसं माझ्यासारखी काठावर. या काठावरच्यांचं काय करता येतं, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिलं होतं. आहार आणि हालचाल सुधारली, तर मधुमेहात जाणाऱ्यांचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं. त्यात त्यांनी सल्ला एकदा देऊन माणसाला सोडून दिलं नव्हतं, तीन वर्षं ठरावीक काळाने संपर्क ठेवला होता. चिठ्ठीवरच्या शेवटच्या ओळीत आणि यात जो फरक आहे, तोच माझ्या लेखाचा विषय आहे.

‘शेतात राबणाऱ्याला कसला व्यायाम सांगताय?’ हे मला गावाकडे हटकून ऐकावं लागतं. त्यात खरं आहे ते आधी कबूल करते. बीडहून कोयता घेऊन कारखान्याला जाणाऱ्या जोडप्याला, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणं हा अन्याय आहे. तिला विश्रांती, पोटभर अन्न, पिण्याचं पाणी, संडास आणि दवाखाना हवा. तिच्यासाठी मी हा लेख लिहीत नाही.

पण सगळा मराठवाडा आता कोयत्यावर नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, फवारणीला पंप आहे, सोयाबीनची रास मळणीयंत्र करतं, आणि बांधावर जायचं तर मोटारसायकल थेट विहिरीपर्यंत जाते. आडतीतला मुनीम, दुकानदार, ग्रामसेवक, शिक्षक, आम्हा बायकांतल्या कितीतरी जणी दिवसभर दमतो, पण हालत नाही. दमणं आणि हालणं यांत फरक आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसवरच्या नोकरांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होता. गाडी एक, पगार जवळपास सारखा, थकवा दोघांनाही. आपल्या एसटीचे ड्रायव्हर बघा, लातूर-पुणे करून उतरतात तेव्हा कंबर धरून चालतात. त्यांना कोणी म्हणेल का की तुमचा व्यायाम झाला?

शिवाय जे काम होतं ते एकाच तऱ्हेचं होतं. माझी चुलत जाऊ आयुष्यभर खुरपली. खाली वाकायला तिला कोणी शिकवायला नको. परवा म्हणाली, ‘बाई, गुडघे लई दुखूलालेत. खाली बसलं की उठूच येईना.’ अशा गुडघ्यांसाठी डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो. फिजिओथेरपिस्ट गट करून आधी गुडघ्याची झीज म्हणजे काय ते समजावून सांगतात आणि मग बारा वेळा समोर उभं राहून व्यायाम करून घेतात. कळ कमी झाल्याचा, चालणं सुधारल्याचा त्यांचा अनुभव आहे आणि पुढे इतर देशांनीही तो उचलला. आपल्याकडे अशा बाईला दुखणं थांबवायची गोळी मिळते आणि शेवटी वाटी बदलायचा सल्ला. मधला सगळा रस्ताच नाही. म्हातारपणी पडून खुबा मोडला की घरातली एक बाई सहा महिने त्या खाटेपाशी अडकते, हे ज्याच्या घरात झालंय त्याला सांगायला नको. शंभरावर चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये जो आढावा निघाला, त्यात व्यायामाने म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, असं दिसलं. त्यात मुख्य होते तोल सांभाळण्याचे आणि उठण्या-बसण्याचे व्यायाम. खर्च किती, तर एक खुर्ची.

समोर बघणारा माणूस का लागतो, हे मला एका गुरुवारी कळलं. आमच्यातल्या एका मावशींना साखरेच्या गोळ्या सुरू आहेत. त्या दिवशी उपवास, सकाळी नुसता चहा, पण गोळी मात्र घेतलेली. थंडीचे दिवस होते आणि मावशींच्या कपाळावर घाम. मला वाटलं, व्यायामाचा घाम. ताईंनी लांबून बघितलं की त्या टाचा उचलायच्या सोडून भलतंच काहीतरी करतायत. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, मावशींना खाली बसवलं, बोटाला सुई टोचली. साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की धोका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटं शेजारी बसून राहिल्या आणि परत तपासली, तेव्हा ९१. त्या दिवसापासून दाराशी हजेरी घेताना दोन प्रश्न विचारले जातात. खाल्लं का? गोळी कधी घेतली? एकट्याने बागेत चालताना हे झालं असतं तर येणारे-जाणारे म्हणाले असते, बाईंना भोवळ आली असेल, बसू द्या सावलीत.

म्हणून ‘जाणकार’ या शब्दावर मी अडून बसते. नुसता धट्टाकट्टा असून चालत नाही. जिममध्ये दंड फुगलेला पोरगा पन्नाशीच्या हृदयरोग्याला वजन उचलायला लावतो आणि वर पावडरीचा डबा विकतो, हे मी बघितलंय. आपल्या जुन्या तालमींत असं नव्हतं. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. एवढ्या ताकदीचा मल्लसुद्धा घडला तो तालमीत, वस्तादांच्या नजरेखाली. कोणाला किती जोर काढू द्यायचे, कोणाला आज लढतीला सोडायचं नाही, हे वस्ताद ठरवत. त्या तालमींचं दार बायकांना बंद होतं, ही त्यांची मोठी उणीव. पण नजर ठेवणाऱ्या माणसाचं महत्त्व त्यांना कळलं होतं.

योग दिनाबद्दलही थोडं. २०१५ पासून दर २१ जूनला शाळेच्या मैदानावर आम्ही सगळे सतरंज्या घेऊन बसलो आहोत, मी स्वतः पोरांना आसनं शिकवली आहेत. योगाने मला शांत झोप दिली. पण २२ जूनला त्या मैदानावर कोणी नसतं. तो दिवस वर्षभराच्या वर्गाची सुरुवात झाला असता, तर आतापर्यंत एक पिढी तयार झाली असती.

पैसा कुठून आणायचा? व्यायामाच्या साहित्याला आणि व्यायामशाळांच्या बांधकामाला सरकार अनुदान देतंच. खुल्या व्यायामशाळेच्या एका संचाला काही लाख लागतात. तेवढ्या पैशात एका माणसाला कित्येक महिने मानधन देता येईल. महिन्याला ८,००० धरले तर वर्षाचे ९६,००० होतात. त्यात तो सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन गट चालवेल, म्हणजे पस्तीस-चाळीस माणसं. माणूसही शोधावा लागणार नाही. बी.पी.एड. होऊन बसलेली, भरतीच्या पोरांना पळवून चार पैसे मिळवणारी तरुण मंडळी गावोगाव आहेत. त्यांना वैद्यकीय महाविद्यालयांतल्या फिजिओथेरपिस्टांकडून नीट प्रशिक्षण द्या. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर, चारही ठिकाणी शासकीय महाविद्यालयं जुनी आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झालं, आज त्यांनाच आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, रक्तदाब आणि साखर तपासायची सोय असते, योगाचे वर्ग घेणं तर त्यांच्या कामातच येतं. सुरुवातीची तपासणी तिथे होऊ शकते. जागा म्हणाल तर शाळेचा हॉल सकाळी रिकामा, समाजमंदिर रिकामं.

बायकांसाठी मात्र बंद जागाच हवी, यात मी तडजोड करणार नाही. रस्त्याकडेला हात वर करून व्यायाम करायला आमच्या सुना-लेकी येणार नाहीत, आणि त्यांना बुरसटलेल्या म्हणायचा अधिकार कोणाला नाही. बचत गटाची बैठक जशी ठरल्या दिवशी होते, हप्ता भरायला सगळ्या येतात, तसा हा तास त्या बैठकीला जोडला तर घरून परवानगी मागायचा प्रश्नच राहत नाही.

सासरच्या गावी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हे बोलले. सरपंचांनी ऐकून घेतलं. पुरुष मंडळींत थोडी कुजबुज झाली, एकाने विचारलं की आम्हाला का नाही. मी म्हटलं, तुमचाही गट करा, उलट तुम्हाला जास्त गरज आहे. आराखड्यात मानधनाची तरतूद घालायचा विषय २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यायचं ठरलं. तोपर्यंत बावीस बायकांनी नावं दिली, माझ्या चुलत जावेचं त्यात दुसरं. पण सभा उठल्यावर एक सून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘बाई, येऊ की. पण पाण्याच्या दिवशी कसं करायचं?’ आमच्या लातूरच्या वर्गातही त्या दिवशी निम्म्या जणी गळतात. टाकी भरून घ्यायला सासूने थांबावं की नवऱ्याने, यावर बायका ओट्यावर अर्धा तास बोलत होत्या. शेवटी पाणी येईल त्या दिवशी वर्ग संध्याकाळी साडेपाचला घ्यायचा, असं ठरलं. पाणी सोडणाऱ्या शिपायाने आदल्या रात्री निरोप द्यायचा. त्याची बायको नावं दिलेल्यांत आहे.